तीन ओळींखालची सही

"से इट," सर म्हणाले. "से, आय ॲम अनएज्युकेटेड."

मी उभी होते. केबिनमध्ये तीन खुर्च्या. एकीवर सर. एकीवर तुर्कस्तानचे म्हातारे पेशंट, ज्यांचं रक्त मी दर महिन्याला काढते. तिसरी रिकामी. मला कुणी बस म्हटलं नाही आणि मीही बसले नाही. टेबलावर आमच्या लॅबचा मोबाइल उताणा पडला होता. त्याच्या काचेवर माझ्याच घरातला फोटो होता.

मी बी.एस्सी. आहे. मायक्रोबायोलॉजी. वर लॅब टेक्निशियनचा डिप्लोमा. परभणी जिल्ह्यातल्या आमच्या वस्तीतली बारावीच्या पुढे शिकलेली पहिली मुलगी मी. हे सगळं सरांना माहीत होतं. माझी सर्टिफिकेटं त्यांनीच तपासली होती. तपासताना हसून विचारलं होतं, "कोट्यातून ना?"

"आय ॲम अनएज्युकेटेड, सर."

"लाऊडर. ही कान्ट हिअर."

मी पुन्हा म्हणाले. मोठ्यानं. काचेच्या दाराबाहेर रिसेप्शनवरच्या मुलीनं मान वर केली आणि पटकन खाली घातली.

मग सर मराठीत बोलले. सर पुण्याचे, इथे बहरीनमधल्या आमच्या क्लिनिकचे मॅनेजर. क्लिनिकमधल्या केरळच्या नर्सना ते सिस्टर म्हणतात, डॉक्टरणीला मॅडम म्हणतात. मला अगं-तुगं. आपल्या भाषेतली म्हणून.

"घाबरू नकोस गं. मी घेतो सांभाळून. तुमच्या लोकांना झेंड्यांची भारी हौस. निळा काय, लाल काय, दिसला की लावला. हो की नाही?"

"हो, सर."

हो म्हणाले मी. ते माझ्याच तोंडातून आलं.

म्हाताऱ्यांचे डोळे लाल होते. "माय ब्रदर्स सन," ते म्हणाले. "सोल्जर. ट्वेंटी टू." पुढचं इंग्रजी त्यांना जमेना. त्यांनी जमिनीकडे बोट दाखवलं, मूठ आवळली आणि एकदम उघडली. सुरुंग. त्यांचा पुतण्या तुर्कस्तानातल्या कुर्दांच्या एका बंदूकधारी संघटनेच्या सुरुंगात गेला होता. त्या माणसाच्या दुःखात काहीही खोटं नव्हतं. तेव्हाही मला ते कळत होतं आणि आजही मी तेच सांगेन.

खोटं पुढे सुरू झालं.

फोटोत काय होतं ते आधी सांगते. आमची जयंती. एप्रिलमधला शुक्रवार, म्हणजे इथला सुट्टीचा दिवस. आमच्या दोन खोल्यांच्या फ्लॅटमध्ये वीस-बावीस माणसं. कुणी सित्रा बेटावरच्या कारखान्यात फिटर, कुणी ऑफिसात. भिंतीवर बाबासाहेबांचा फोटो, शेजारी बुद्ध, वर पंचशील ध्वजाची माळ. आमच्यात हार-फुलं आणत नाहीत. येणाऱ्यानं एक वही आणि एक पेन आणायचं. ते सगळं पुढे गावाकडच्या शाळेत जातं. आमच्या घरी आणखी एक पद्धत आहे. वहीच्या पहिल्या पानावर पाहुण्यानं आपल्या आईच्या भाषेत एक वाक्य लिहायचं. दादानं पाडलेली पद्धत. दादा म्हणजे माझा थोरला भाऊ.

त्या दिवशी मी रोजीनला बोलावलं होतं. रोजीन आमच्याच क्लिनिकमधली फिजिओथेरपिस्ट. कुर्द. पासपोर्ट तुर्कस्तानचा. शाळेत पहिल्याच दिवशी आईच्या भाषेत पाणी मागितलं म्हणून तिला बाईंनी थोबाडीत दिली होती. हे तिनं मला एकदा डबा खाताना सांगितलं आणि त्या दिवसापासून आम्ही रोज एकत्र डबा खाऊ लागलो. मला जास्त समजावून सांगायची गरज नव्हती. आमच्या शाळेत आम्हा पोरांचा पाण्याचा हंडा वेगळा होता.

रोजीननं वही आणली. वहीला तिच्या बहिणीच्या लग्नातल्या ओढणीची पट्टी शिवलेली. लाल, पिवळी, हिरवी, कुर्दांचे नेहमीचे रंग. त्या संघटनेच्या झेंड्यातही हेच आहेत, ते मला नंतर कळलं. पहिल्या पानावर कुर्दीत लिहिलं, ही वही ज्या मुलीला मिळेल तिनं तिच्या भाषेत लिहावं. सगळ्यांनी टाळ्या वाजवल्या. मी ती वही बाबासाहेबांच्या फोटोसमोर उभी करून ठेवली आणि फोटो काढला.

चूक तिथे झाली. चूक माझी.

आमच्या क्लिनिकमध्ये पेशंटना रिपोर्ट व्हॉट्सॲपवर जातात. त्यासाठी लॅबचा वेगळा मोबाइल आहे आणि सुट्टीच्या दिवशी तो माझ्याकडे असतो, कारण तातडीचा रिपोर्ट कधीही मागतात. त्या मोबाइलमध्ये हजारभर पेशंटचे नंबर. माझ्या फोनची बॅटरी लेकीनं कार्टून बघून बघून संपवली होती. मी लॅबच्या मोबाइलवर फोटो काढला. स्वतःला पाठवायचा, तो स्टेटसला लावून बसले. सवयीनं बोटं चालली. वर इंग्रजीत लिहिलंही. कुर्दिस्तानच्या आमच्या रोजीनताईंची वही, जय भीम.

कुर्दिस्तान. आमच्यात माणसाची ओळख गावावरून. कुठली गं तू, म्हटलं की गाव सांगायचं. रोजीनला मी पहिल्याच दिवशी विचारलं होतं, तू कुठली. ती म्हणाली होती, कुर्दिस्तान. मी तेच लिहिलं. नकाशात त्या नावाखाली किती रक्त आहे, ते मला ठाऊक नव्हतं. उचलली जीभ लावली टाळ्याला, तसं झालं.

शनिवारी दुपारी मला ते दिसलं. पुसलं. तोवर म्हाताऱ्यांच्या मुलानं स्क्रीनशॉट काढला होता. म्हाताऱ्यांचा मुलगा मोठ्या कंपनीत वरच्या जागेवर. त्या कंपनीच्या सगळ्या कामगारांची तपासणी आमच्याकडे होते.

पुढच्या गुरुवारी सरांनी मला केबिनमध्ये बोलावलं; म्हातारे गेल्यावर त्यांनी ड्रॉवरमधून एक कागद काढला. कागद आधीच टाइप केलेला होता.

"तीन ओळी आहेत," ते म्हणाले. "रविवारपर्यंत सही करून दे. तुझं नाव कुठे येऊ देत नाही मी."

पहिली ओळ होती, की या तारखेला या चिन्हाचा फोटो लॅबच्या मोबाइलवरून प्रसारित झाला. दुसरी, की हे चिन्ह आपल्या संघटनेचं आहे असं रोजीननं मला सांगितलं. तिसरी, की तिच्याच सांगण्यावरून मी ते लावलं.

"सर, तिनं असं काही..."

"अगं, तुला त्यातलं काय कळतं? ती संघटना दहशतवादी आहे. जगभरच्या यादीत आहे. आता तूच ठरव, तू यादीच्या कुठल्या बाजूला."

मी कागद घडी करून पर्समध्ये ठेवला. सलमानियाच्या मोठ्या हॉस्पिटलच्या सिग्नलपर्यंत चालत गेले. उन्हानं डांबर मऊ झालं होतं. शेजारून पोलिसांची गाडी गेली, नुसती गेली. मी एका कोल्ड स्टोअरच्या, म्हणजे इथल्या वाणसामानाच्या छोट्या दुकानाच्या, पायरीवर बसले. दुकानदार मल्याळी. त्यानं पाण्याची बाटली आणून दिली आणि विचारलं, "क्या हुआ, बहन? शुगर है क्या?" मी म्हणाले, हो, शुगर आहे.

घरी आल्यावर पहिलं काम काय केलं असेल? बाबासाहेबांचा फोटो भिंतीवरून काढला. बुद्ध काढला. ध्वजाची माळ काढली. सगळं चादरीत गुंडाळून कपाटात, बॅगांच्या मागे. कुणी सांगितलं नव्हतं. मीच केलं. खिळे तेवढे राहिले. त्यांच्याकडे बघवेना म्हणून एकावर कॅलेंडर टांगलं.

नवरा सित्राहून कंपनीच्या बसनं साडेपाचला येतो. त्यानं भिंत पाहिली, मग मला पाहिलं. मी कागद त्याच्या हातात दिला आणि सर काय म्हणाले ते सांगितलं. तो वेल्डर आहे, इंग्रजी हळू वाचतो. वाचून झाल्यावर पाणी प्यायला.

"सही करून टाक अन् मोकळी हो."

"खोटं आहे ते."

"आपल्याला काय करायचंय तुर्काचं अन् कुर्दाचं? टेररिस्टच्या यादीत हाये ना ती संघटना?"

"संघटना आहे. रोजीन नाही."

"हे तू मला सांगायलीस. पोलिसाला कोण सांगणार? वीस माणसं जमवली आपण घरात. परवानगी काढली होती का? सुक्यासंगं ओलं जळतं, तुला माहीत नाही?"

मला माहीत होतं. मला त्याच्यापेक्षा जास्त माहीत होतं. 

लेक आतल्या खोलीत गृहपाठ करत होती. आठ वर्षांची आहे. मराठी सगळी कळते, उत्तर इंग्रजीत देते. बाहेर आली आणि दारात उभी राहिली.

"आई, इज रोजीन आंटी अ टेररिस्ट?"

नवरा म्हणाला, "गप. आत जा." मी तिच्या तोंडावर हात ठेवला. खरंच ठेवला, दाबून. भिंतीपलीकडे कोण राहतं, त्यांना तो शब्द ऐकू गेला का, एवढंच डोक्यात होतं. ती रडली. तिच्या गालावर माझी बोटं उमटली होती. मी तिला जवळ घेतलं तर ती आखडून उभी राहिली.

दुसऱ्या दिवशी रोजीनच्या खोलीवर गेले. तिला सरांनी रजेवर बसवलं होतं, कारण न सांगता. जाताना दोनदा मागे वळून पाहिलं. कोण येणार होतं माझ्यामागे? तरी पाहिलं. आपणच आपल्यामागे पाळत ठेवायला लागतो.

मी तिला सगळं सांगितलं. स्टेटस, म्हातारे, कागद. म्हणाले, चूक माझी आहे. ती खाटेवर बसली होती. कागद तिनं दोनदा वाचला.

"हा कागद माझ्याबरोबर विमानात बसेल," ती म्हणाली. आम्ही मोडक्या इंग्रजीत बोलायचो, मी मराठीत सांगते. "माझा व्हिसा रद्द झाला तर मला नुसतं घरी जावं लागेल. हा कागद असला तर उतरल्यावर मला वेगळ्या दारानं नेतील."

मी विचारलं. विचारायला नको होतं, पण सरांचं वाक्य माझ्या डोक्यात बसलं होतं. "तू त्यांची आहेस का?"

 मला वाटलं, आता ही मला बाहेर काढणार.

"माझ्या मामाला त्यांनीच मारलं," ती म्हणाली. "मामा सरकारची बंदूक घेऊन गावाची राखण करायचा. त्यांना ते चाललं नाही. दोन वर्षांनी माझ्या भावाला सैन्यानं नेलं. तो मेंढरं राखायचा. अजून आला नाही. आता कुणाला काय म्हणू ते तू सांग."

 आदल्या रात्री मी फोनवर वाचत बसले होते. एका देशाच्या यादीत ती संघटना दहशतवादी. दुसऱ्या देशातले न्यायाधीश त्यावर वाद घालतात. तिसरा देश यादीतही ठेवतो आणि शेजारच्या लढाईत त्यांच्याच भाईबंदांना बंदुका पुरवतो. आपला तो बाब्या, दुसऱ्याचं ते कार्टं. आता तर त्या लोकांनीच बंदुका खाली ठेवल्याचं बातम्यांत सांगतात. नाव मात्र यादीत तसंच. बहरीनमध्ये त्यांना काय समजतात, ते मला अजूनही नक्की माहीत नाही. त्यांनी माणसं मारली, हे खरं. म्हाताऱ्यांचा पुतण्या खरा, रोजीनचा मामा खरा. त्यांची बाजू घ्यायला मी गेले नव्हते. पण संघटनेला काय म्हणायचं याचा वाद मोठ्या लोकांचा चालू होता आणि त्याची किंमत माझ्या सहीनं एका फिजिओथेरपिस्टकडून वसूल होणार होती.

सही करू नकोस, असं रोजीन म्हणाली नाही. मी वाट पाहिली. ती म्हणाली असती तर मला तिच्यावर रागावता आलं असतं. तिनं चहा केला, मी न पिता निघाले.

आता दादाचं सांगते. नवरा सोडला तर हे मी बहरीनमध्ये कुणालाही सांगितलं नव्हतं. जयंतीला येणाऱ्या आमच्या माणसांनासुद्धा नाही.

मी बारावीत होते. गावात जयंतीची मिरवणूक मुख्य रस्त्यानं न्यायची, असं दादानं आणि पोरांनी ठरवलं. इतकी वर्षं ती मागच्या गल्लीनं जायची. मुख्य रस्त्यावर दगड आले. कुणाचे आले ते सगळ्या गावानं पाहिलं. गुन्हा आमच्या पोरांवर लागला. पंधरा दिवसांनी पोलिस पुन्हा आले, या वेळी मोठे साहेब. घराची झडती झाली. दादाची ट्रंक उघडली. त्यात वह्या. तो गोळा करायचा त्या, पहिल्या पानावर लोकांनी लिहिलेल्या. काही गोंडी, काही भिल्ली. आदिवासी पाड्यावर शिकवायला जायचा ना तो. साहेबांनी एक वही उलटीसुलटी करून पाहिली. वाचता येईना. म्हणाले, "ही कोडवर्डची भाषा आहे."

नक्षलवादी. एका शब्दात माझा भाऊ संपला. दोन वर्षं आत राहिला. कोर्टानं सोडला, पुरावा नाही म्हणून. पण गावात तो शब्द कुणी परत घेतला नाही. मी कॉलेजात गेले की मागून आवाज यायचा, नक्षल्याची बहीण. वडील एस.टी.त शेजारच्या माणसाला नाव सांगायचे बंद झाले.

पंचनाम्यावर सही लागते. दोन पंच. एक पोलिसांचा नेहमीचा माणूस होता. दुसरा माझा चुलता. सख्खा. त्याला चौकीत बसवून ठेवलं दिवसभर. संध्याकाळी त्यानं सही केली. कागदावर काय लिहिलंय ते त्यानं वाचलं नव्हतं, तो चौथी शिकलेला. त्यात लिहिलं होतं, की वह्यांबरोबर पत्रकंही सापडली. पत्रकं नव्हतीच.

काका वाईट माणूस नव्हता. माझ्या फीसाठी त्यानं एकदा बैल विकला होता. त्याला फक्त भीती वाटली होती. दादा सुटून आला तेव्हा काका आमच्या दारात आला आणि उंबऱ्याबाहेर बसून राहिला. दादा बाहेर गेला, त्याला पाणी दिलं. काका पाणी प्यायला आणि उठून गेला. पुढची पाच वर्षं, मरेपर्यंत, त्यानं आमच्या घराच्या आत पाऊल टाकलं नाही. आई बोलवायची. तो यायचा नाही.

शनिवारभर मला काका दिसत होता. मी त्याला आयुष्यभर भित्रा म्हटलं होतं. आता माझ्या पर्समध्ये तसाच कागद होता आणि माझी त्याच्यासारखीच पाचावर धारण बसली होती. फरक एकच होता. त्याला वाचता येत नव्हतं, मला येत होतं.

मी आईला फोन केला. सगळं नाही सांगितलं. नुसतं म्हणाले, नोकरीचं काही खरं नाही, परत यावं लागेल कदाचित. आई म्हणाली, "ये की माय. भाकर हाये." मग जरा थांबून म्हणाली, "काय केलंस का कुणाचं वाईट?" मी म्हणाले, "अजून नाही."

रविवारी सकाळी फोटो परत भिंतीवर लावले. नवरा बघत होता. त्याचा चेहरा पांढरा पडला होता. "लेकराचा तरी विचार कर," तो म्हणाला. मी म्हणाले, तिचाच करायलेय. तो बस पकडायला निघून गेला. मला वाटलं होतं तो समजून घेईल. त्यानं समजून घेतलं नाही, आणि त्याची भीती चुकीची होती असं मी म्हणणार नाही.

सर केबिनमध्ये एकटे होते. "झाली सही?"

मी कागद टेबलावर ठेवला.  मी विचारलं नाही, खुर्ची ओढली आणि बसले. बसले नसते तर पडले असते.

"पेन द्या, सर."

त्यांनी खिशातलं पेन काढून दिलं. चेहऱ्यावर सुटल्याचा भाव. मी दुसऱ्या ओळीवर रेघ मारली. तिसऱ्या ओळीवर मारली. खाली लिहिलं, की फोटो मी काढला, घर माझं, कार्यक्रम माझा, स्टेटस चुकून माझ्या हातून लागलं, त्यावरचे शब्द माझे. रोजीननं मला कुठल्याही संघटनेबद्दल काहीही सांगितलं नाही, काहीही लावायला सांगितलं नाही. लिहिताना अक्षर इतकं हलत होतं की दोन शब्द मला पुन्हा लिहावे लागले. मग सही केली.

सरांनी वाचलं. कान लाल झाले.

"वेड लागलंय का तुला? हे खरं-खोटं ठरवायला वर लोक बसलेत. तुझं काम फक्त सही करायचं."

"पहिली ओळ खरी आहे, तिच्याखाली केलीय सही. बाकी मी पाहिलेलं नाही, ऐकलेलं नाही."

"म्हणजे तू अतिरेक्यांना पाठीशी घालतेस."

मी त्यांचं पेन टेबलावर परत ठेवलं. 

मग ते पुढे झुकले आणि हळू बोलले. तोच मायेचा आवाज. "हे बघ. तुम्हा लोकांना गावाकडे काय काय म्हणतात, ते मला ठाऊक आहे. इथे एक फोन केला तर तुझ्या घरातलं सगळं निघेल. काढू का?"

त्यांना दादाचं माहीत होतं की नाही, मला आजही कळलेलं नाही. कदाचित त्यांनी नुसता खडा टाकला असेल. पण मला वाटलं, संपलं. इतकी वर्षं जे चादरीत गुंडाळून ठेवलं होतं, ते आता हा माणूस उघडणार. आणि मग मला वाटलं, त्यानं कशाला उघडायचं?

"माझ्या भावाला नक्षलवादी म्हणत होते, सर," मी म्हणाले. "दोन वर्षं तुरुंगात होता. कोर्टानं सोडला. त्याच्या ट्रंकेत वह्या सापडल्या होत्या, बाकी काही नाही. जे सापडलं नाही, त्याच्याखाली माझ्या चुलत्याची सही होती. मी त्याच भावाची बहीण आहे. करा फोन."

माझा आवाज मोठा नव्हता. रडकाच होता. पण शब्द पूर्ण निघाले. सर मागे रेलले. त्यांनी कागद उचलला, चार तुकडे केले आणि टोपलीत टाकले. म्हणाले, "गेट आऊट."

मी उठले. त्यांना माहीत नव्हतं, मी आधीच त्या कागदाचा फोटो काढून ठेवला होता, त्यांच्या टाइप केलेल्या तीन ओळींचा. आणि माझं म्हणणं घरीच वेगळ्या कागदावर लिहून काढलं होतं, अगदी तेच, शब्द न शब्द. ते मी बाहेर जाऊन रिसेप्शनवर दिलं, आवक म्हणून शिक्का मारून घेतला. रिसेप्शनवरच्या मुलीनं शिक्का मारला आणि माझ्याकडे न बघता प्रत परत केली.  मग मी बाथरूममध्ये गेले आणि ओकले.

त्याच आठवड्यात लॅबचा मोबाइल काढून घेतला. मग कॉम्प्युटरचा पासवर्ड चालेना. मग पत्र आलं, करार संपवत असल्याचं, कारण लॅबच्या फोनचा गैरवापर. त्यात दहशतवाद हा शब्द नव्हता. रोजीनच्या पत्रातही नव्हता. नुसतं लिहिलं होतं, सेवेची गरज उरली नाही. ती तुर्कस्तानला गेली नाही. इराकमधल्या कुर्द भागात तिची मावसबहीण आहे, तिच्याकडे गेली. विमानतळावरून फोन केला. पासपोर्टवर शिक्का बसला, कुणी बाजूला घेतलं नाही, एवढंच सांगितलं. दोघींनाही आणखी बोलायचं धाडस झालं नाही. फोनवर कोण ऐकत असेल, ही भीती तिलाही होती, मलाही.

शेवट गोड झाला असं कुणी समजू नये. माझा व्हिसा रद्द होतोय. मी दुसरी नोकरी शोधतेय, पण जुन्या मालकाला विचारतात आणि पुढे फोन येत नाही. लेकीची शाळा अर्ध्यातून सुटेल कदाचित. नवरा कामापुरतं बोलतो. म्हाताऱ्यांच्या मुलानं आणखी कुठे तक्रार केली असेल, तर ती कुठल्या टेबलावर पडलीय मला माहीत नाही. दारावर बेल वाजली की आजही मी आधी भिंतीकडे बघते. सीपीआर कार्ड, म्हणजे इथलं ओळखपत्र, दाखवा म्हणून कुणी हात पुढे केला की मी दोनदा पर्स चाचपते. भीती गेली असं मी म्हणणार नाही. ती मला लहानपणापासून ओळखते.

पण एक गोष्ट मी ठरवली आहे आणि ती पक्की आहे. कुणाला अतिरेकी म्हणायचं, कुणाचं नाव यादीत घालायचं, हे ठरवणारे मला विचारत नाहीत. विचारणारही नाहीत. त्यांना माझी फक्त सही हवी असते, खालच्या माणसाची, जी घाबरलेली असते आणि म्हणून देते. ती सही माझी आहे. उद्या गावी गेले तर तिथेही कुणीतरी कागद घेऊन येईल, कधी पोलिस, कधी सरपंच, कधी आमच्यातलाच एखादा. मी तो ओळ न् ओळ वाचीन. जे डोळ्यांनी पाहिलं नाही, त्याच्यावर रेघ मारीन. हात कापला तर कापू दे. कापत्या हातानंही रेघ मारता येते.